बंगल्यावरची पांढरी

आमच्याकडे जमिनीला दोनच नावं. पिकते ती काळी आणि माणसं घरं बांधून राहतात ती पांढरी. चुलीची राख, शेणाचे सडे, पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी मुरत राहिली की ती माती फिकट पडते, म्हणून पांढरी. शहरात वाढलेल्यांना हे समजावून द्यावं लागतं, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो. कारण पुढची सगळी हकीकत या एका शब्दापायी घडली. पुण्यातल्या ज्या ज्या मित्राला मी ती ऐकवली, तो आधी पोट धरून हसला. मला तेव्हा हसू आलं नव्हतं, आजही येत नाही.

आमचं गाव वेळवंडी नदीच्या काठी होतं. भाटघरचं धरण वाढलं तेव्हा आमची काळी पाण्याखाली गेली आणि तिच्यामागोमाग पांढरीही गेली. मी तेव्हा लहान होतो. भरपाईचं जे काय मिळायचं ते मिळालं, त्याचं रडगाणं इथे गात नाही. लोकांनी घरांचे वासे, दारं, दळायची जाती, देवळातला देव असं सगळं डोक्यावर घेतलं आणि वरच्या उतारावर जाऊन पुन्हा कूड घातले. तो उतार एका इनामदारांचा. इनामदार भोरात राहायचे, नदीच्या अंगाला त्यांचा मोठा बंगला होता. पहिली काही वर्षं ते काही बोलले नाहीत. बोलायचं कारण काय? त्यांच्या माळाचं गवत आमची माणसं फुकट कापून देत होती, त्यांच्या शिकारीला हाका घालत होती. मग एका वर्षी ऐन माघात त्यांचा माणूस आला आणि सांगून गेला की पाडव्याच्या आत माळ मोकळा करा.

आमच्या लोकांचं म्हणणं एवढंच होतं की ही जागा आता आमची पांढरी म्हणून कागदावर येऊ द्या. त्यासाठी फार काही लागत नव्हतं. 'माझी हरकत नाही' एवढं इनामदारांनी लिहून दिलं असतं, तर मामलेदार कचेरीत ती जागा गावठाणात चढली असती. एका ओळीचं काम. ती ओळ मिळाली तर गाव, नाही तर माळावर चढलेली गुरं.

मी तेव्हा पुण्याला एका दारूबंदी मंडळात पत्रकं लिहायचो. मॅट्रिकपर्यंत भोरात शिकलेलो, इंग्रजी बरं होतं, आणि राग यायला मला फार वेळ लागत नसे. तेवढ्या भांडवलावर माणूस पत्रकं लिहू शकतो. 'दारू म्हणजे सडवलेला रस, आणि तो पिणारा म्हणजे सडलेला माणूस' हे वाक्य माझं. मंडळाला ते फार आवडलं होतं. माझे थोरले चुलते, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणायचा, ते मला न्यायला पुण्याला आले आणि म्हणाले, "तुज्या दारूचं ऱ्हाऊ दे आता. आमच्यासाटी चार शब्द बोल."

"इनामदारांना मी ओळखत नाही, तात्या."

"तू वळखत न्हाईस, पर त्ये वळखत असतील. तुज्या सभंला अध्यक्ष हुते नव्हं?"

हे खरं होतं. भोरात आमच्या मंडळाची सभा झाली तेव्हा अध्यक्षस्थानी हेच इनामदार होते. मोहाच्या दारूनं रयतेचं वाटोळं कसं होतं यावर ते असं काही बोलले होते की पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी डोळे पुसले. मंडळाला देणगीही त्यांची होती. मी त्या सभेत बोललो होतो. मला वाटलं, बरं आहे, ओळख निघेल.

तर नसरापुरावरून सर्व्हिस मोटारीनं आम्ही दोघं भोराला आलो. रविवार होता. तात्या फाटकाबाहेर चिंचेखाली बसले. आत यायला तयार होईनात. "मी आत आलो तर त्ये माज्याशी बोलतील, आन्‌ माज्याशी बोलायची त्यांची भाषा येगळी हाये," म्हणाले. मी एकटाच गेलो.

मागच्या पडवीत कारभारी येरझाऱ्या घालत होते. पन्नाशीचे, वाळके, शेंडीला गाठ, कपाळावर गंध, आणि चेहऱ्यावर घरात कोणी आजारी असावं तशी काळजी. मी नमस्कार केला आणि म्हणालो, "पांढरीचं विचारायला आलोय."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अहो मग असे दारात काय उभे? या, या, वर या. दोन दिवस डोळ्यांत प्राण आणून वाट बघतोय. आहे ना पांढरी?"

"आहे म्हणजे काय, आहेच. पण तुमच्याकडून लेखी पाहिजे."

"लेखी मिळेल, सही मिळेल, शिक्का हवा तर शिक्का मिळेल. आधी मला सांगा, किती आहे?"

"तीस-पस्तीस उंबरे."

"उंबरे?" ते घुटमळले. "तुमच्या पुण्याच्या कँपात तसं मोजत असतील. आम्ही खोकी म्हणतो. बरं, धड आहेत ना सगळी? वाटेत काही पडझड?"

"दोन पडली गेल्या पावसात. बाकी उभी आहेत."

"उभी?" कारभाऱ्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, आडवी ठेवायची म्हणून तुमच्याच मालकांनी चिठ्ठी पाठवली ना?"

"आडवी करायला तुमचाच माणूस आला होता," मी म्हणालो. "त्याचंच बोलायला आलोय."

आता ते माझ्याकडे नीट बघायला लागले. माझ्या पायांतल्या वहाणा, धोतर, टोपी. मग त्यांनी मला कोठीच्या खोलीत नेलं. तिथे गवतात गुंडाळलेल्या बाटल्यांचं एक खोकं उघडं पडलं होतं. काही हिरव्या, काही विटकरी, काही बिनरंगी काचेच्या, आतलं पिवळं दिसणाऱ्या. "ही पांढरी," ते म्हणाले. "तुम्ही कोणत्या पांढरीचं बोलताय?"

मग उलगडा झाला. कारभारी आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नव्हते आणि तो शब्दही तोंडात घेत नव्हते. म्हणून त्या घरात द्राक्षाच्या फिक्या दारूला पांढरी आणि लाल दारूला तांबडी म्हणायचा रिवाज त्यांनी घातला होता. नोकर, मोलकरणी, खुद्द इनामदारही तेच म्हणायचे. माणूस एक शब्द विटाळू नये म्हणून दुसरा वापरतो, तेव्हा तो दुसरा शब्द कुणाचा आहे हे विचारायची त्याला गरज वाटत नाही.

"म्हणजे तुम्ही कँपातल्या दुकानातले नव्हे?"

"मी धरणावरच्या गावचा. माळावर राहतात त्यांच्यातला."

"असं. म्हणजे तू त्या माळावरच्या लोकांतला."

तुम्हीचा तू झाला तो असा. मधे श्वाससुद्धा घेतला नाही त्यांनी.

मला हाकलून द्यायला त्यांनी हात वर केलाच होता. तेवढ्यात माझी नजर खोक्यावरच्या छापील चोपड्याकडे गेली आणि मी त्याचं शीर्षक मोठ्यानं वाचलं. कारभाऱ्यांचा हात तसाच राहिला. "इंग्रजी येतं?" म्हणाले. येतं म्हणालो. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि सगळी अडचण सांगितली. दुपारी दोन गोरे साहेब आणि एकाची मड्डम जेवायला यायचे होते. सकाळपासून ते धरणावर गळ टाकायला गेले होते. गोव्याचा बटलर आठवड्यामागं भांडून निघून गेला होता. कँपातल्या दुकानानं आणखी खोकी आणि त्यांबरोबर माणूस पाठवतो म्हणून कळवलं होतं, दोन्हींचा पत्ता नव्हता. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती बाटली, हे त्या चोपड्यात लिहिलेलं, आणि कारभाऱ्यांचं इंग्रजी हिशेबापुरतं. मागच्या खेपेला त्यांनी माशाबरोबर तांबडी पाठवली होती तेव्हा पाहुणे गालात हसले होते, आणि पाहुणे गेल्यावर इनामदार हसले नव्हते.

"एवढं निभावून ने," ते म्हणाले. "जेवण झालं की सरकार खुशीत असतात. मी स्वतः तुला पुढे करीन. तुझं काय ते माग."

मी दारूबंदीवाला. पुण्याच्या चौकात पिंपावर उभा राहून ताडी विकणाऱ्याला शिव्या घातलेला माणूस. पण बाहेर चिंचेखाली तात्या बसले होते आणि पाडवा जवळ आला होता. मी टोपी काढून ठेवली आणि चोपडं वाचायला बसलो.

वाचता वाचता मला जो संताप आला तो निराळ्याच कारणानं. मी पत्रकात लिहिलं होतं की दारू म्हणजे सडवलेला रस. या लोकांनी अगदी तेच लिहिलं होतं, फक्त अभिमानानं. पांढरी कशी करतात, तर द्राक्षं चेपून रस लगेच सालींपासून वेगळा काढायचा. तांबड्या दारूचा रंग सालींतून येतो, साल काढली की काळ्या द्राक्षाचाही रस फिकाच निघतो. मग तो रस थंड तळघरात लाकडी पिंपांत आंबत ठेवायचा. फसफसणं थांबलं, गाळ खाली बसला, की वरचं निवळ काढून घ्यायचं. मोहाची फुलं आंबवणारा आमचा कातकरी याहून काय वेगळं करतो? तो पुढे मडक्याला नळी लावून वाफ धरतो आणि हे धरत नाहीत, एवढाच फरक. त्याला फौजदार दोरी लावून नेतो आणि यांचं चोपडं निघतं.

प्रकार किती, तर वाचता वाचता थकलो. शाब्ली म्हणून एक, फ्रान्सातली, करकरीत आंबट, हिरवट झाक असलेली. तिची द्राक्षं चुन्याच्या फिकट जमिनीत होतात आणि त्या जमिनीची चव म्हणे दारूत उतरते. हे वाचून मी दोनदा थांबलो. फिकट मातीला चव असते, आणि ती इतक्या लांबून ओळखणारे लोक जगात आहेत. हॉक म्हणून एक, जर्मनीतल्या नदीकाठच्या उभ्या डोंगरउतारावरची, उंच विटकरी बाटलीत. तिचीच धाकटी बहीण मोझेल, हिरव्या बाटलीत, अंगानं हलकी आणि किंचित गोडसर. आणि शेवटची सोतर्न, मधाच्या रंगाची. ती करायला द्राक्षं वेलीवरच बुरशी येऊन सुरकुतेपर्यंत ठेवतात. अक्षरशः कुजलेली द्राक्षं एकेक वेचून काढतात, त्यांचा थोडाच रस निघतो, आणि म्हणून ती सगळ्यांत महाग. कारभाऱ्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "शिव शिव. आणि हे लोक आपल्याला घाणेरडे म्हणतात." आमच्या दोघांचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतंच.

कशाबरोबर काय, त्याचाही नियम होता. माशाला शाब्ली, कारण आंबटपणा माशाचा उग्रपणा मारतो. आपण कोकमाचं आगळ घालतो तेच. कोंबडीला हॉक. गोडाला सोतर्न. पण त्या दिवशी कांदा-खोबरं भाजून केलेलं तिखटजाळ मटणही होतं, मड्डमला 'खरं इथलं' खायचं होतं म्हणून, आणि त्याबद्दल चोपड्यात एक अक्षर नव्हतं. मी म्हणालो, आंबट दिली तर तोंडाची आग होईल, मोझेल द्या. ठेच्यावर माझी आई गुळाचा खडा देते, त्या हिशेबानं.

बाटल्या गार लागतात असंही लिहिलं होतं. बर्फ पुण्याहून भुशात घालून मोटारीनं आला होता, तो पोचेपर्यंत निम्मा गोणपाटातच विरघळला. मी म्हणालो, आडात सोडा. बंगल्याच्या आडाचं पाणी मोठं गार. कारभारी चपापले, कारण त्याच पाण्यावर देवघर चालायचं. मग तेच म्हणाले, "बुचं घट्ट आहेत ना? मग बाहेरून काय, काचच आहे ती." परातीएवढ्या टोपलीत बाटल्या बांधून आम्ही त्या आडात सोडल्या. त्या वेळी आडापासून दहाएक हात लांब महारवाड्यातल्या दोन बायका रिकामे माठ घेऊन बसल्या होत्या. कुणी वरून पाणी ओतील याची वाट बघत. त्यांना पोहरा टाकायची मोकळीक नव्हती. जर्मनीची दारू पाण्यापर्यंत गेली, न्हाली आणि वर आली, तोवर त्या तिथेच बसून होत्या. मी त्यांचे माठ भरले. कारभाऱ्यांनी पाहिलं, पण बाटल्यांसाठी माझी गरज होती म्हणून बोलले नाहीत.

जेवण दुपारी झालं. मला कुणाचा तरी पांढरा कोट चढवून बाजूच्या मेजापाशी उभं केलं. बुचं काढायची, रुमालानं बाटली पुसायची आणि वाढप्याच्या हातात द्यायची. मासा आला. मोठी मरळ, लोण्यात परतलेली, साहेबांनीच सकाळी पकडलेली. शाब्ली गेली. साहेबानं घोट घेतला, माशाचा तुकडा तोंडात टाकला, पुन्हा घोट घेतला, आणि डोळे मिटून घेतले. त्याचं बोलणं मला कळत होतं. तो म्हणाला की हिंदुस्थानात आल्यापासून असा मासा आणि अशी वाइन एकत्र खाल्ली नव्हती. मासा कुठला, मड्डमनं विचारलं. इनामदार म्हणाले, "माझ्या टेकडीच्या अगदी पायथ्याशी पाणी आहे. तिथे जुनं गाव बुडालेलं आहे ना, पडक्या भिंतींत मासे राहतात. तिथे गळ टाकला की मिळणारच."

खरंच होतं ते. आमच्या चुलीच्या ओट्यांत, आमच्या कणग्यांच्या जागी मरळ अंडी घालत होती. मी हॉकचं बूच काढत होतो.

कोंबडी झाली, मटण झालं. मटणाशी मोझेल जुळली हे पाहून दुसऱ्या साहेबानं बाटली फिरवून तिच्यावरचा कागद वाचला आणि इनामदारांना शाबासकी दिली. सोतर्नबरोबर खरवस दिला होता. तेव्हा मड्डम म्हणाली की त्या उतारावर एक लहानसा बंगला असता तर किती मौज झाली असती. सकाळी मासे धरायचे, दुपारी हे असं जेवायचं. साहेब म्हणाला, आम्ही भाड्यानं घेऊ, दर हिवाळ्यात येऊ. इनामदार हसून म्हणाले, "मग बांधतोच." इतकं सोपं होतं. पेल्यात सोतर्न होती, खिडकीतून नदीचा वारा येत होता, आणि एक गाव उठलं.

पाहुणे ओसरीवर चिरूट ओढायला गेले. कारभारी शब्दाला जागले, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्यांनी मला पुढे केलं. "सरकार, आजची सगळी निवड या मुलाची."

इनामदारांनी मला न्याहाळलं. "तुला कुठं तरी पाहिलंय."

"आपण आमच्या सभेचे अध्यक्ष होता," मी म्हणालो. "दारूबंदीच्या."

ते मनापासून हसले. बाहेर जाऊन साहेबांना सांगून आले की आज वाइन निवडणारा दारूबंदीवाला आहे. बाहेरही हशा झाला. परत आले ते खूश होऊन. "माग. काय पाहिजे?"

"पांढरी," मी म्हणालो.

कारभाऱ्यांनी मधे तोंड घालायचा प्रयत्न केला, पण इनामदार ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांना वाटलं, दारूबंदीवाल्याचा जीव शेवटी गुंतला. "घे की. अरे, याला एक पांढरी द्या रे. चांगल्यातली द्या." आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"ती नव्हे," मी म्हणालो. "धरणावरच्या माळावर आमची वस्ती आहे. ती जागा पांढरी म्हणून लिहून द्या. तुमची हरकत नाही, एवढीच ओळ हवी."

हसू ओसरलं, पण राग नव्हता. राग आला असता तरी चाललं असतं. ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे, थोडा आधी बोलला असतास. आत्ताच शब्द दिला मी साहेबांना. गोऱ्या माणसाला दिलेला शब्द मागं घ्यायचा म्हणजे कसं दिसेल?"

"आम्ही आधीपासून राहतोय तिथे."

"राहा ना. वरती जागा आहे, आणखी वर. कातळ आहे, पण आहे." मग कारभाऱ्यांकडे वळून, "याला रिकाम्या हातानं पाठवू नका."

मी रिकाम्या हातानं गेलो नाही. शाब्लीची एक बाटली गोणपाटात गुंडाळून कारभाऱ्यांनी माझ्या हातात कोंबली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू म्हणालास 'पांढरी', ते चुकलंच. 'गावठाण' म्हणायचं होतंस." जणू शब्द बदलला असता तर मासा कमी रुचकर लागला असता.

मला पुढे अनेकांनी विचारलं की बाटल्या मुद्दाम उलटसुलट का दिल्या नाहीस, त्यांचं जेवण का बिघडवलं नाहीस. बिघडलं असतं तर इनामदार चिडले असते आणि मला हाकलून दिलं असतं. त्यानं गाव वाचत नव्हतं. ज्याच्या हातच्या एका ओळीवर दुसऱ्याची घरं उभी राहतात, त्याला मासा आवडला काय आणि न आवडला काय, घरं जायची ती जाणारच. आज चांगल्या जेवणामुळे गेली, उद्या वाईट जेवणामुळे गेली असती. हे ज्यांना कळत नाही ते मला बाटल्यांचे प्रश्न विचारतात.

तात्या चिंचेखालीच होते. भाकरी सोडून बसले होते, खाल्ली नव्हती.

"झालं काम?"

"नाही."

"मग ह्ये काय हाये हातात?"

"पांढरी," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. बंगल्यावर या शब्दाचा अर्थ काय, साहेब काय म्हणाला, इनामदार काय म्हणाले.

तात्यांनी गोणपाट बाजूला केलं, बाटली उन्हात धरून बघितली. "लई फिकी दिसतिया," म्हणाले. "ह्येच्यात काय ऱ्हात असंल कुणी?" मग बाटली फिरवून, "मामलेदाराला दाखवू का? म्हणावं इनामदारानं पांढरी दिली, चढवा कागदावर."

त्यांना विनोद करायचा होता असं नाही. त्यांच्या तोंडून ते तसंच आलं. उठले, बाटली फाटकाच्या खांबावर ठेवली आणि म्हणाले, "आपली न्हाई ती." आणि मोटारीच्या अड्ड्याकडे चालायला लागले. भाकरी चिंचेखालीच राहिली.

पुण्याला गेल्यावर मी पत्रक लिहिलं. शीर्षक दिलं 'अध्यक्ष महाराज काय पितात'. मंडळाच्या बैठकीत ते वाचून दाखवलं तेव्हा एक वडीलधारे सभासद म्हणाले, "विषय दारूबंदीचा आहे, जमिनीचा नव्हे." दुसरे म्हणाले, "देणगीदारांवर लिहायचं म्हणजे घटनेत बसत नाही." तिसऱ्यांनी सुचवलं की इनामदारांऐवजी 'एक धनिक गृहस्थ' म्हणावं आणि बंगला भोरऐवजी 'दूर कुठेतरी' ठेवावा. मी म्हणालो की मग मोहाची दारू पिणाऱ्या कातकऱ्यालाही 'एक निर्धन गृहस्थ' म्हणू या. त्या दिवसानंतर मी मंडळात गेलो नाही. ते पत्रक छापलं गेलं नाही. हे लिखाण म्हणजे तेच पत्रक आहे असं कुणाला वाटलं तर माझी हरकत नाही.

पाडव्याच्या आधी लोकांनी आपल्याच हातांनी घरं उतरवली. इनामदारांच्या माणसांनी उतरवली असती तर वासे मोडले असते. वरचा कातळ म्हणजे नुसता काळा खडक, त्यावर खांब रोवायला भोक पडत नाही. दगड रचून त्यांत खांब उभे केले. काहीजण पुण्याला गेले, काही वेल्ह्याकडे सोयऱ्यांच्या आसऱ्याला गेले. खाली उतारावर बंगला झाला. त्याच्या पायऱ्यांना आमच्याच घरांचे दगड लागले. साहेब दोन हिवाळे आले, मग लढाई लागली, मग आलेच नाहीत. बंगल्याला आता कुलूप आहे. ती जागा रिकामीच आहे म्हणून पुन्हा मागायला गेलेल्या लोकांना उत्तर मिळालं की इमारत आहे तिथे, रिकामी कशी?

गेल्या वर्षी मी कातळावरच्या वस्तीत गेलो होतो. दोन भावांचा घरांमधल्या हद्दीवरून तंटा लागला होता आणि तात्यांसमोर बसला होता. आमच्याकडे असा तंटा तुटेना तर एक रीत आहे. गावच्या पांढरीची माती मुठीत घेऊन बोलायचं. त्या मातीवर कुणी खोटं बोलत नाही, निदान आजवर बोललेलं मी ऐकलं नाही. थोरला भाऊ म्हणाला, "द्या माती, घेतो हातात." धाकटाही म्हणाला, "द्या."

तात्या उठले. दाराबाहेर गेले, कातळावर उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं. खाली पाणी होतं, मधे कुलूपबंद बंगला होता. वस्तीत माती कुठंच नव्हती. आत आले आणि बसले.

"माती न्हाई," म्हणाले. "घरला जावा दोघंबी."

"मग निकाल?" थोरल्यानं विचारलं.

तात्यांनी दारातून खालच्या पाण्याकडे बोट केलं. ते दोघं भाऊ वेगवेगळ्या वाटांनी निघून गेले. तो तंटा अजून चालू आहे.